खिशातला प्रतिस्पर्धी: फोन-टॅबलेटसाठी बुद्धिबळाचा प्रोग्राम कसा निवडावा

२००९ साली ब्वेनोस आयरेसच्या कोपा मर्कोसूर स्पर्धेत एक खेळाडू माणूस नव्हता. पॉकेट फ्रिट्झ ४ नावाचा प्रोग्राम तिथे एचटीसी टच एचडी या मोबाइलवर खेळला आणि दहा डावांत साडेनऊ गुण मिळवून पहिला आला. त्या फोनवर त्याला सेकंदाला वीस हजार स्थितीसुद्धा तपासता येत नव्हत्या. १९९७ मध्ये जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू हा महासंगणक सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासायचा. म्हणजे एवढ्याशा यंत्रावर, एवढ्या कमी मोजणीत, ग्रँडमास्टरच्या तोडीचा खेळ तेव्हाच झाला होता. आजचा साधा फोनही त्या फोनच्या कितीतरी पुढे आहे.

तरीही कुणी प्रोग्राम शोधायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात जोरदार कोणता? या प्रश्नाला आता अर्थ उरलेला नाही. पूर्ण ताकदीने खेळला तर कुठलाही नावाजलेला प्रोग्राम तुम्हाला-मला हरवणार. पाहायचं ते वेगळंच. तो तुमच्या पातळीला उतरून माणसासारखा हरू शकतो का, चूक कुठे झाली ते दाखवतो का आणि त्याचा पट तुमच्या अंगठ्याखाली नीट मावतो का. पुढच्या सगळ्या पायऱ्या या तीन प्रश्नांभोवतीच आहेत.

आधी काम ठरवा

प्रोग्राम उतरवण्याआधी एक वाक्य लिहून काढा: मला हा कशासाठी हवा आहे? प्रवासात एखादा डाव खेळायला? स्पर्धेतले डाव घरी येऊन तपासायला? रोज दहा कोडी सोडवायला? की मुलाला चाली शिकवायला? ही चार कामं चार निरनिराळ्या प्रोग्रामांची आहेत. सगळं एकाच ठिकाणी देणारे प्रोग्राम असतात, पण त्यांत सहसा एकच काम मनापासून केलेलं असतं आणि बाकीची यादी लांबवण्यापुरती.

माझं वाक्य असं होतं: ‘इंटरनेट नसताना माझ्याच तोलाच्या प्रतिस्पर्ध्याशी वीस मिनिटांचा डाव, आणि तो डाव नंतर मोठ्या पडद्यावर उघडता यायला हवा.’ एवढं स्पष्ट झाल्यावर यादीतली निम्मी नावं आपोआप गळाली. कोड्यांचा भलामोठा साठा, खेळाडूंच्या मुलाखती, रंगीबेरंगी सोंगट्यांचे संच, यांतलं मला काहीच नको होतं.

मेंदू वेगळा, चेहरा वेगळा

बुद्धिबळाच्या प्रोग्राममध्ये दोन भाग असतात. खेळी शोधणारा तो इंजिन. पट दाखवणारा, बोटाचा स्पर्श ओळखणारा, डाव साठवणारा तो दर्शनी भाग. दोघांचं बोलणं बहुतेक ठिकाणी यूसीआय या संकेतानुसार चालतं. रुडॉल्फ ह्युबर आणि श्रेडर या प्रोग्रामचे कर्ते श्टेफान मायर-काहलेन यांनी तो २००० साली आणला. पॉकेट फ्रिट्झ ४ ची गोष्टही अशीच. नाव फ्रिट्झचं, आतला मेंदू हायआर्क्स या इंजिनाचा.

याचा उपयोग असा की दुकानात दिसणाऱ्या पाच-पन्नास प्रोग्रामांच्या आत डोकावलं तर बऱ्याच ठिकाणी एकच इंजिन सापडतं: स्टॉकफिश. २००८ साली टोर्ड रोमस्टाड यांच्या ग्लॉरंग या इंजिनातून ते निघालं. ते मुक्त आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, फुकट आहे आणि ताकदीच्या यादीत कायम वरच्या टोकाला असतं. तेव्हा ‘जगातलं सर्वांत शक्तिशाली इंजिन’ अशी जाहिरात करणारा प्रोग्राम बहुधा दुसऱ्याचाच मेंदू दाखवत असतो. त्यात गैर काही नाही, फक्त पैसे कशाचे मोजतोय ते कळायला हवं. तुम्ही पैसे देता ते चेहऱ्याचे.

अँड्रॉइडवर काही प्रोग्रामांत इंजिन बदलता येतं, बाहेरचं जोडता येतं. आयफोन-आयपॅडवर मात्र प्रोग्रामबरोबर जे इंजिन येतं त्यावरच समाधान मानावं लागतं, कारण बाहेरून आणलेला चालता कोड चालवायला ती यंत्रणा परवानगी देत नाही. तिथे निवड करताना आत कुठलं इंजिन आहे आणि कोणती आवृत्ती आहे ते माहितीच्या पानावर आधीच बघून घ्या. २०२० च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या स्टॉकफिश १२ पासून एनएनयूई हे छोटं न्यूरल जाळं इंजिनात आलं. यू नासू यांनी ती कल्पना मुळात शोगी या जपानी खेळासाठी काढली होती. नव्या आवृत्त्या जागा जास्त का खातात याचं मुख्य कारण हे जाळं.

अंगठ्याची परीक्षा

ही परीक्षा लोक घेतच नाहीत आणि नंतर वैतागतात. फोन उभा धरला की पडद्याची रुंदी असते साडेसहा-सात सेंटिमीटर. तिला आठने भागा. एका घराच्या वाट्याला जेमतेम आठ मिलिमीटर येतात. अंगठ्याचं टोक त्याहून रुंद असतं. म्हणजे तुम्ही ज्या घरावर बोट ठेवता ते घर त्या क्षणी तुम्हाला दिसतच नाही.

माझा एक जिंकलेला डाव असाच गेला. वजीर डी७ या घरावर न्यायचा होता, तिथे मात होती. अंगठा अर्ध्या घराने खाली टेकला, वजीर डी६ वर उतरला आणि समोरच्या प्याद्याने तो गिळला. परत घ्यायची सोय त्या प्रोग्राममध्ये होती, पण तीन मेन्यूंच्या आत.

म्हणून नवा प्रोग्राम उघडला की डाव सुरू करण्याआधी या गोष्टी करून बघा. सोंगटी ओढून नेता येते आणि आधी सोंगटी मग घर असं दोनदा टेकूनही चालवता येते, अशा दोन्ही पद्धती आहेत का? छोट्या पडद्यावर दुसरी पद्धत कितीतरी भरवशाची. ओढताना सोंगटी बोटाच्या वर उचललेली किंवा मोठी झालेली दिसते का? खेळी पक्की करण्याआधी विचारणारी खूण चालू करता येते का? शेवटची खेळी रंगाने उठून दिसते का? पट उलटा करता येतो का? मग फोन घेऊन उन्हात जा आणि काळ्या घरावरची काळी सोंगटी ओळखू येते का ते बघा. लाकडी पोताचे सुंदर पट इथेच नापास होतात. हिरवट-पांढरा किंवा करडा, साधा सपाट रंगाचा पट आणि जाड रेघांच्या सोंगट्या, यावर माझा हात बसलाय.

जाहिरातीची पट्टी पटाला चिकटून असेल तर तो प्रोग्राम तिथल्या तिथे काढून टाका. ती जागा खाते, आणि पहिल्या रांगेतला हत्ती हलवताना बोट तिच्यावरच पडतं.

टॅबलेटवर हा सगळा त्रास निम्म्याने कमी होतो. तिथे पट आणि खेळ्यांची यादी शेजारी-शेजारी दिसते का, एवढंच बघायचं.

उतरलेली पातळी: खरी कसोटी

आता मुख्य गोष्टीकडे. इंजिनाला मुद्दाम कच्चं खेळायला लावणं हे त्याला चांगलं खेळायला लावण्यापेक्षा अवघड आहे. हे काम वेगवेगळे प्रोग्राम वेगवेगळ्या तऱ्हेने करतात आणि खेळताना तो फरक जाणवतो.

स्टॉकफिशमध्ये ० ते २० अशी कौशल्याची पातळी असते. पातळी उतरवली की ते निदान चार चांगल्या खेळ्या शोधतं आणि त्यांतून मधूनमधून मुद्दाम कमी चांगली उचलतं. पातळी जितकी खाली, तितकी घसरण मोठी. कागदावर ठीक वाटतं. पटावर काय होतं ते सांगतो. खालच्या पातळीवरच्या एका डावात तेरा खेळ्या ते पुस्तकी, नेटकं खेळलं. चौदाव्या खेळीला त्याने घोडा पटाच्या कडेला, एच४ वर आणून ठेवला, जिथे माझं जी३ वरचं प्यादं त्याला मारायला टपून बसलं होतं. ना त्यात धमकी, ना सापळा. मी घोडा खाल्ला. त्यानंतर मात्र ते प्रत्येक प्यादं असं चिवटपणे राखत गेलं की मला पस्तीस खेळ्या घाम फुटला आणि शेवटी डाव बरोबरीत सुटला. असा प्रतिस्पर्धी माणसांत भेटत नाही. कच्चा माणूस घोडा असा दान करत नाही. त्याला आपला घोडा दोन खेळ्यांनंतर अडकणार आहे हे दिसत नाही, आणि एंडगेममध्ये, म्हणजे पटावर मोजक्याच सोंगट्या उरल्यावर, तो तितकाच कच्चा असतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे विचाराची खोली तोडणं. दोनच खेळ्या पुढचं बघ, असं सांगायचं. असा प्रोग्राम त्याच्या टप्प्यातला दुहेरी मारा कधीच चुकवत नाही, पण चौथ्या खेळीला राजा कोंडला जाणार हे त्याच्या गावीही नसतं. त्याच्याशी खेळून तुम्ही लांबचे सापळे लावायला शिकता, आणि माणसांसमोर ते सापळे चालत नाहीत तेव्हा गोंधळता.

तिसरी तऱ्हा मला सर्वांत आवडते. माणसांचे लाखो डाव दाखवून जाळं शिकवायचं, आणि सर्वोत्तम खेळी कोणती हे न विचारता या पातळीचा माणूस इथे काय खेळेल हे विचारायचं. २०२० मध्ये आलेली माया ही जाळी अशीच आहेत. ११०० ते १९०० रेटिंगच्या (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) दरम्यान त्यांच्या नऊ आवृत्त्या आहेत आणि आपापल्या पातळीच्या माणसाची नेमकी खेळी त्या जवळपास निम्म्या वेळा ओळखतात. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर त्यांतल्या काहींशी खेळता येतं. त्या चुकतात ते आपल्यासारख्याच: मोहरा लटकता, म्हणजे फुकट मारता येईल असा ठेवून, हल्ल्याच्या नादात मागची रांग विसरून.

चौथी तऱ्हा बॉटची, म्हणजे प्रोग्रामनेच घडवलेल्या खेळाडूंची. नाव, चित्र, रेटिंग, एखादं बोलकं वाक्य. मजा येते, मुलांना फार आवडतं. पण बॉटच्या आडही वरच्या तिघांपैकीच काहीतरी चाललेलं असतं, तेव्हा चित्र बघून भुलू नका.

कसोटी कशी घ्यायची ते आता बघू. पहिल्या दिवशी रेटिंग स्वतःच्या अंदाजाएवढं ठेवा आणि एका डावात मुद्दाम एक घोडा लटकता सोडा. प्रोग्रामने तो खायला हवा. न खाल्ला तर समजा तो फासे टाकतोय. दुसऱ्या डावात साधा, शांत दुहेरी मारा रचा: एक खेळी तयारीची, दुसरी खेळी घोड्याने राजा-वजीर एकदम धरण्याची. बाराशे-तेराशेच्या पातळीचा प्रतिस्पर्धी यात कधीतरी फसायला हवा. तिसऱ्या डावात वजीर-वजीर मारामारी करून लवकर एंडगेमला जा आणि त्याचा सूर अचानक बदलतो का ते बघा. चौदाव्या खेळीपर्यंत शाळकरी आणि चाळिसाव्या खेळीला उस्ताद, असं झालं तर तो प्रोग्राम सरावाला कामाचा नाही.

आकड्यांचाही आधार घ्या. एलो या रेटिंग मोजण्याच्या पद्धतीत प्रतिस्पर्धी शंभर गुणांनी वरचढ असेल तर तुम्हाला साधारण ३६ टक्के गुण मिळणं अपेक्षित असतं. दोनशेंनी वरचढ असेल तर २४ टक्के. सरावाला शंभरने वरचा प्रतिस्पर्धी मला सगळ्यात मानवतो. हरावं लागतं, पण आशा सुटत नाही. तेव्हा दहा डाव खेळा. खेळी परत घेणं बंद, इशारा बंद. साडेतीन-चार गुण झाले की पातळी बरोबर बसली. दोनहून कमी झाले तर उतरा, सहाहून जास्त झाले तर चढा. प्रोग्राम स्वतः दाखवतो तो आकडा फार मनावर घेऊ नका. एका ठिकाणचे १५०० आणि दुसऱ्या ठिकाणचे १५०० यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो.

नवशिक्यांसाठी एक अडचण सांगून ठेवतो. स्टॉकफिशची एलोने बांधलेली मर्यादा अलीकडच्या आवृत्त्यांत १३२० पासून सुरू होते, वर ३१९० पर्यंत जाते. नुकत्याच चाली शिकलेल्या मुलाला १३२० म्हणजे भिंत. त्याच्यासाठी ज्या प्रोग्रामने स्वतःची वेगळी, त्याहून खालची पातळी बांधली आहे तोच निवडा.

आणि वेळ. बहुतेक प्रोग्राम उत्तर क्षणात देतात. समोरून झटपट खेळी आली की आपणही झटपट खेळायला लागतो, नकळत. उत्तर द्यायला पाच-दहा सेकंद घे असं सांगायची सोय असेल तर ती जरूर वापरा. ही छोटीशी सोय मी पातळीच्या खालोखाल महत्त्वाची मानतो.

नियम सगळे येतात का

१९८२ साली झेडएक्स८१ या घरगुती संगणकावर ६७२ बाइटमध्ये बसणारा बुद्धिबळाचा प्रोग्राम निघाला होता. कौतुकाची गोष्ट, पण त्यात कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं) नव्हतं, आँ पासाँ (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने वाटेतच मारणं) नव्हतं, प्याद्याला बढतीही नव्हती. आज कोपऱ्या-कोपऱ्यात पडलेले काही फुकटे प्रोग्राम त्याहून हजारो पट मोठे असूनही नियमांत लंगडतात. पाच मिनिटांत खात्री होते.

‘स्थिती मांडा’ हा पर्याय उघडा. तो नसेल तर विश्लेषणासाठी प्रोग्राम निकामीच समजा. पांढऱ्याचा राजा बी६ वर, प्यादं सी६ वर. काळ्याचा राजा ए१ वर, हत्ती डी५ वर. खेळी पांढऱ्याची. ही १८९५ सालची साव्हेद्राची प्रसिद्ध रचना. पांढरा प्यादं सी७ वर सरकवतो, हत्ती डी६ वरून शह देतो. राजा बी५, हत्ती डी५ शह. राजा बी४, हत्ती डी४ शह. राजा बी३, हत्ती डी३ शह. मग राजा सी२ वर येतो. आता काळा हत्ती डी४ वर जातो, आणि इथे गंमत आहे. प्याद्याचा वजीर केला तर काळा हत्ती सी४ वर शह देतो. वजिराने तो मारावाच लागतो, आणि काळ्या राजाला जायला घर उरत नाही. शह नाही, खेळी नाही, डाव बरोबरीत. म्हणून पांढरा प्याद्याचा हत्ती करतो. आता ए८ वरून मात करण्याची धमकी आहे. काळा हत्ती ए४ वर अडवायला येतो, पांढरा राजा बी३ वर येतो. एकीकडे काळा हत्ती मरतोय, दुसरीकडे सी१ वर मात होतेय. डाव संपला.

या चार सोंगट्या तीन गोष्टी एकदम तपासतात. बढतीच्या वेळी प्रोग्राम तुम्हाला विचारतो की परस्पर वजीर करून टाकतो? चुकीच्या वाटेने गेलात तर बरोबरी ओळखतो का? आणि विश्लेषणाला लावला तर हत्तीची बढती किती वेळात सापडते? चांगल्या इंजिनाला पापणी लवायलाही वेळ लागू नये.

कॅसलिंगची एक बारकी चाचणी आहे. पांढऱ्याच्या वजिराच्या बाजूचं कॅसलिंग मोकळं ठेवा आणि काळ्याचा हत्ती बी८ वर, खालचा बी स्तंभ रिकामा करून ठेवा, म्हणजे बी१ माऱ्याखाली येतं. कॅसलिंग चालायला हवं, कारण राजा बी१ वरून जात नाही. तोच हत्ती डी८ वर आणला आणि डी स्तंभ मोकळा केला की कॅसलिंग अडायला हवं. पहिल्या स्थितीत नकार देणारे प्रोग्राम मी पाहिले आहेत.

तीनदा तीच स्थिती आल्याचं ओळखतो का हे दोन माणसांच्या डावात बघा. सुरुवातीपासून दोन्ही बाजूंनी राजाकडचे घोडे पुढे काढा आणि परत आणा, पुन्हा काढा, पुन्हा आणा. दोघांच्या चार-चार खेळ्या झाल्या की मूळ मांडणी तिसऱ्यांदा आलेली असते. त्या क्षणी प्रोग्रामने बरोबरी मागायची सोय द्यायला हवी.

विश्लेषण, गरम फोन आणि तो एक आकडा

डाव संपल्यावर इंजिन दाखवतं तो आकडा, समजा +१.००, याचा अर्थ एक प्यादं जास्त असा आपण पूर्वापार लावत आलो. स्टॉकफिश १५.१ पासून तो बदलला. आता +१.०० म्हणजे त्या बाजूला जिंकण्याची शक्यता निम्मी, आणि तीही इंजिनं एकमेकांशी खेळतात तेव्हा. त्यामुळे जुन्या आणि नव्या प्रोग्रामचे आकडे शेजारी ठेवून वाद घालू नका. ज्या प्रोग्राममध्ये एकाहून जास्त ओळी, म्हणजे पुढच्या खेळ्यांच्या मालिका, एकदम बघता येतात तोच घ्या. मी तीन ठेवतो. पहिली ओळ +०.५, दुसरी +०.४, तिसरी +०.४ असेल तर तिथे काहीही खेळा, डोकं शिणवू नका. पहिली +०.३ आणि दुसरी –२ असेल तर डाव तिथे एकाच खेळीवर टांगलेला होता. थांबून शिकायची जागा ती. नुसती सर्वोत्तम खेळी दाखवणारा प्रोग्राम हा फरक कधीच कळू देत नाही.

मात्र आधी डाव स्वतः तपासा, आपल्याला काय वाटत होतं ते दोन ओळींत लिहा, मग इंजिन चालू करा. उलट केलं की सगळं ‘अरे हो, दिसलंच होतं’ वाटतं.

फोनवर इंजिनाला मोकळं सोडलं की बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. आठ कोर असले म्हणून आठही द्यायची गरज नाही. काही मिनिटांत फोन तापतो, प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि सुरुवातीचा फायदा वाहून जातो. दोन धागे (म्हणजे दोनच कोरांवर काम), हॅशला (तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायच्या जागेला) ६४ एमबी आणि प्रत्येक स्थितीला दहा सेकंद, एवढ्यात माझं काम भागतं. ‘समोरच्याच्या वेळातही विचार कर’ ही खूण फोनवर बंदच ठेवा. पडदा बंद केल्यावर इंजिन थांबतं का हे एकदा मुद्दाम बघा. न थांबणाऱ्या एका प्रोग्रामने माझा फोन रात्रभरात संपवला होता.

डाव तुमचेच राहतात का

ही पायरी वगळू नका, मी वगळली होती. एका प्रोग्रामवर मी दोन वर्षं खेळलो. दोनशेच्या वर डाव साठले होते, कित्येकांवर टिपणं होती. फोन बदलला आणि कळलं की तो प्रोग्राम डाव स्वतःच्याच बंद फाइलीत ठेवतो, बाहेर द्यायची सोय नाही. नव्या फोनवर तो चालेना. डाव गेले, टिपणं गेली.

म्हणून पहिल्याच दिवशी पाच खेळ्यांचा डाव खेळा, एक टिपण लिहा, एक पर्यायी ओळ घाला आणि तो पीजीएन स्वरूपात बाहेर काढा. पीजीएन हे साधं मजकुराचं स्वरूप आहे. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी ते १९९३ मध्ये मांडलं आणि आजही बुद्धिबळाचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम ते वाचतो. बाहेर काढलेली फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडा. टिपण आलं? पर्यायी ओळ आली? नुसत्या खेळ्याच आल्या असतील तर अभ्यासासाठी तो प्रोग्राम अर्धवट आहे. स्थिती एका ओळीत लिहिणारं एफईएन स्वरूप चिकटवता येतं का तेही बघा. वाचनात आलेली स्थिती दुसऱ्या सेकंदाला पटावर आणायची ती वाट आहे.

पुस्तकं आणि एंडगेमचे तक्ते यावर थोडक्यात. ओपनिंगचं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांचं, पुस्तक बदलता आलं तर सराव नेमका होतो. एकाच बचावाचं पुस्तक घातलं की प्रोग्राम पुन्हा पुन्हा तोच खेळतो. एंडगेमसाठी रोनाल्ड दे मान यांचे सिझिजी तक्ते आहेत, म्हणजे मोजक्या सोंगट्यांच्या स्थितींचे आधीच काढून ठेवलेले निकाल. पाच सोंगट्यांपर्यंतचे सगळे तक्ते साधारण एक जीबीत बसतात, फोनला झेपतात. सहा सोंगट्यांचे दीडशे जीबीच्या आसपास जातात, तो नाद फोनवर सोडा.

मग घ्यायचं काय

अँड्रॉइड असेल, इंटरनेटविना काम हवं असेल आणि रूपाचा हट्ट नसेल तर ड्रॉइडफिश. पीटर ऑस्टर्लुंड यांचं हे मुक्त काम, फुकट, जाहिरातीविना. आत स्टॉकफिश आहे आणि जोडीला कुकूचेस हे दुसरं इंजिन. पुस्तक बदलता येतं, सिझिजी जोडता येतं, अनेक ओळी दिसतात, पीजीएन बिनतक्रार वाचतं-लिहितं. दिसायला जुनाट आहे, मेन्यू शोधावे लागतात. विश्लेषणासाठी माझ्या फोनवर हेच आहे.

माणसांशी खेळणं, कोडी आणि डावांचा अभ्यास एकत्र हवा असेल तर लिचेस. २०१० पासूनचा हा प्रकल्प संपूर्ण फुकट आणि जाहिरातमुक्त आहे. काय काय इंटरनेटविना चालतं ते विमान मोड लावून स्वतः बघा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. चेस डॉट कॉमच्या प्रोग्राममध्ये बॉट भरपूर आणि मांडणी देखणी, मुलं रमतात. पण डावाचं तपशीलवार परीक्षण फुकट खात्यावर मोजकंच मिळतं. विकतचा आणि निवांत प्रतिस्पर्धी हवा असेल तर श्रेडर बघा. तुमच्या खेळाप्रमाणे तो आपली ताकद कमी-जास्त करतो, आणि जोडीला हजार कोडी येतात.

उतरवताना परवानग्या वाचा. बुद्धिबळाच्या प्रोग्रामला तुमचे संपर्क किंवा तुमचं ठिकाण लागत नाही. मागत असेल तर का, हे त्यालाच विचारा, म्हणजे नाकारा आणि तरी चालतो का ते बघा.

स्पर्धा खेळणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांनुसार डाव चालू असताना पंचांची खास परवानगी नसलेलं कुठलंही इलेक्ट्रॉनिक उपकरण खेळण्याच्या जागेत जवळ ठेवता येत नाही. प्रोग्राम उघडला नव्हता, फोन खिशात बंद होता, हे सांगून सुटका होत नाही. स्पर्धेच्या दिवशी तो बाहेरच राहू दे.

दोन प्रोग्राम निवडा, एक खेळायला, एक तपासायला, आणि पंधरा दिवस वापरा. पंधराव्या दिवशी बघा, कुठला रोज उघडला गेला आणि कुठल्यावर बोट आपोआप वळलं नाही. तो काढून टाका. काढण्याआधी मात्र त्यातले डाव पीजीएनमध्ये बाहेर काढा आणि ती फाइल फोनखेरीज आणखी एका जागी ठेवा.